नातेवाइकांची सी भाषा

आमच्या नात्यातल्या सगळ्यांनी माझं पुस्तक वाचलं, आणि त्यामुळे माझ्या बहिणीचं लग्न मामाशिवाय व्हायची वेळ आली.

पुस्तक काही भानगडीचं नव्हतं. कॉम्प्युटरला कामं सांगायची एक भाषा असते, तिचं नाव सी. ती मराठीतून शिकवणारं साधं, पातळ, पिवळ्या कव्हरचं पुस्तक. असलं पुस्तक नातेवाईक वाचत नसतात, हे जगजाहीर आहे. ते पहिलं पान उघडतात, 'सप्रेम भेट'च्या खाली आपलं नाव बरोबर आहे का बघतात, आणि शोकेसमध्ये कपबशांच्या मागं ठेवून देतात. मी याच भरवशावर होतो.

दोन हजार सालाच्या आगेमागे मी कोल्हापुरात एका खासगी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. त्या काळात रसवंतीगृहं निघावीत तसे गल्लोगल्ली क्लास निघाले होते. आमच्याकडे राधानगरीकडची, भुदरगडकडची मुलं एसटीनं यायची. हुशार होती, पण बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली. सीचं इंग्रजी पुस्तक समोर उघडलं की त्यांचे चेहरे गणपती गेल्यानंतरच्या मांडवासारखे व्हायचे.

मग मी घरातली उदाहरणं द्यायला लागलो. ग्लोबल व्हेरिएबल नावाचा एक प्रकार असतो. म्हणजे अशी माहिती, जी एकदा प्रोग्रॅममध्ये ठेवली की सगळीकडे पोचते. हे मी परोपरीनं सांगून पाहिलं, कुणाला कळलं नाही. शेवटी म्हणालो, "हे बघा, माझी एक आत्या आहे, शाहूपुरीत राहते. तिला सकाळी एखादी गोष्ट सांगितली, की संध्याकाळी कसबा बावड्यात आमच्या घरी ती आम्हालाच ऐकायला मिळते. आत्या म्हणजे ग्लोबल व्हेरिएबल."

वर्गाला एका क्षणात कळलं. मग मला चटकच लागली. कधीच न थांबणाऱ्या फेऱ्याला इन्फिनिट लूप म्हणतात. तिथं मी थोरले काका बसवले. ते साखर कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि बॉयलर बंद पडल्याची एकच हकिगत सांगत असत. ती शेवटाला आली की पुन्हा सुरुवातीला जायची. ज्याची किंमत प्रोग्रॅमभर बदलत नाही त्याला कॉन्स्टंट म्हणतात. ते आमचे वडील. आणि व्हॉइड फंक्शन म्हणजे असा एक भाग, जो तुमच्याकडून हवं ते घेतो, पण परत काही देत नाही. त्यासाठी मला डोकं खाजवावंच लागलं नाही. कुरुंदवाडचा आमचा बापूमामा डोळ्यांसमोर उभा होता, हातात आमची छत्री घेऊन.

पुस्तकाचं खूळ आप्पांचं. आप्पांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, दहावीची गाईडं आणि वाढदिवसाची हँडबिलं छापायचे. छापखान्यातला कॉम्प्युटर बिघडला म्हणून एकदा मला न्यायला आले, आणि वर्गाच्या दाराशी उभं राहून सगळा तास ऐकत राहिले.

"सर, हे असंच्या असं लिहून द्या. छापतो मी."

"लिहितो. पण नावं बदलावी लागतील. नात्यातली माणसं आहेत."

"नावंच तर झ्याक हायती. आनी नात्यातलं कोन वाचतंय?"

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला.

पुस्तकं आली तेव्हा आईनं गठ्ठ्याला हळदकुंकू लावलं, वर एक फूल ठेवलं. वडील, म्हणजे अण्णा, नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते आणि त्यांना काम हवंच होतं. त्यांनी जाहीर केलं की पुस्तकं पोस्टानं पाठवायची नाहीत, हातात द्यायची. मग स्कूटरवर पुढं अण्णा, मागं मी, माझ्या मांडीवर पुस्तकं आणि पेढ्यांचा पुडा, अशी आमची वरात निघाली. शाहूपुरीत आत्यानं पुस्तक हातावर तोलून बघितलं.

"कशाचं हाय रं?"

"सी भाषेचं, आत्या."

"सी म्हंजे?"

"इंग्रजीतलं तिसरं अक्षर."

"मग ए आनी बी कुनी लिवली?"

मी उत्तर देईपर्यंत पुस्तक शोकेसमध्ये गेलंसुद्धा. मला बरं वाटलं. थोरल्या काकांनी पुस्तक मांडीवर ठेवून बॉयलरची हकिगत सुरू केली, ती अण्णांनी पेढा त्यांच्या तोंडात घातला तेव्हा थांबली. बापूमामा आमच्याच घरी आला होता. माझ्या धाकट्या बहिणीचं, सुजाताचं, लग्न ठरलं होतं, आणि त्याची बोलणी करायला तो कुरुंदवाडहून येऊन-जाऊन होता. त्यानं एक पुस्तक स्वतःला घेतलं, एक दोस्ताला म्हणून घेतलं, आणि निघताना मांडव बघायला लागंल म्हणून आमची शिडी एसटीच्या टपावर टाकून नेली. (मांडव कोल्हापुरात पडायचा होता. शिडी कुरुंदवाडला गेली.)

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. पुस्तकं कपबशांच्या मागं होती आणि नातेवाईक माझं कौतुक करत होते. मग आत्याच्या सुनेनं कॉम्प्युटरचा क्लास लावला.

ही वैशाली. ती आमच्या क्लासमध्ये नव्हती, पण परीक्षा जवळ आली तेव्हा तिला घरातच पुस्तक असल्याचं आठवलं. तिनं ते कपबशांमागून काढलं आणि स्वयंपाकघरात भात शिजेपर्यंत वाचत उभी राहिली. थोड्या वेळानं तिला हसू आवरेना.

"काय हसायलीयास एवढं?" आत्यानं विचारलं.

वैशाली गरीब मुलगी. सासूनं विचारल्यावर तिनं वाचून दाखवलं.

माझा फोन वाजला.

"परकाश, मी कवा कुनाला काय सांगतो का रं?"

(कोल्हापुरातल्या बायका 'मी जातो, मी सांगतो' असंच बोलतात. पावण्यांना गोंधळायला होतं, आम्हाला होत नाही.)

"नाही आत्या."

"मग मी गलोबल कशी?"

"आत्या, तो मान आहे. ग्लोबल म्हणजे जागतिक."

"शानपना शिकवू नगंस. थांब, मी आत्ता थोरल्याला इचारतो. त्येचं पन काय लिवलंयस ते वैशालीनं वाचलंय."

त्या दिवशी दिवे लागायच्या आत आत्यानं माझ्या पुस्तकातली यच्चयावत माणसं ज्याच्या त्याच्या घरी फोन करून, पान क्रमांकासकट कळवली होती. ग्लोबल व्हेरिएबल म्हणजे काय, हे याहून स्वच्छ मला आजवर कुणाला समजावून सांगता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले काका आले. त्यांच्या काखेत पुस्तक होतं.

"परकाश, मी काय त्येच त्येच सांगतो?"

"तसं नाही काका."

"हितं लिवलंयस की. थांबत न्हाय म्हनून. आता मला सांग, त्या दिशी बॉयलर बंद पडला त्यो कुनामुळं?"

मग काकांनी बॉयलर कुणामुळं बंद पडला ते सांगितलं. आईनं चहा दिला. बॉयलर पुन्हा बंद पडला. आईनं जेवायला वाढलं. जेवताना बॉयलर सुरू झाला आणि हात धुताना बंद पडला. अण्णा मधेच उठून भाजी आणायला गेले आणि परत आले, तेव्हा इंजिनियर अजून पुण्याहून निघायचा होता. दुपारी लाईट गेली, पंखा थांबला, काकांना घाम सुटला, आणि ते घरी जायला उठले. इन्फिनिट लूप काही केल्या थांबत नसेल तर वीज बंद करावी, असं मी त्या धड्याच्या शेवटी लिहिलं होतं. ते खरं निघालं, पण मला आनंद झाला नाही.

अण्णांची गोष्ट वेगळी. 'वडील हे कॉन्स्टंट असतात, त्यांची किंमत प्रोग्रॅमभर बदलत नाही' या वाक्याखाली त्यांनी तांबड्या शाईनं रेघ मारली आणि येईल त्याला ते वाचून दाखवलं. त्याच्या पुढचं वाक्य 'बदलायचा प्रयत्न केल्यास एरर येतो' असं होतं. तिथं ते चष्मा काढून ठेवायचे.

मामा आईकडचा, आत्या अण्णांकडची. त्यामुळे कुरुंदवाडचा फोन नंबर आत्याकडे नसणार, अशी मला अंधुक आशा होती. आत्यानं तो मिळवला. मामाकडे फोन नव्हता, तर शेजारच्या पिठाच्या गिरणीत केला. मामाला बोलवायला गिरणीवाल्याला वेळ नव्हता म्हणून त्यालाच सगळं सविस्तर सांगितलं. गिरणीत दळणाला बारा घरची माणसं बसलेली असतात. मामापर्यंत बातमी पोचली तेव्हा ती कुरुंदवाडातल्या बहुतेकांना माहीत झालेली होती.

मामाचा फोन आला नाही. टेम्पो आला.

आमच्या दारात टेम्पो थांबला आणि ड्रायव्हरनं बोलायच्या आधी सामान उतरवायला सुरुवात केली. आधी आमची शिडी. मग आमची छत्री, टेबलफॅन, मोठा पितळी डबा. मग थोरल्या काकूंचा पाटा आणि त्याच्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी वरवंटा. आत्याचा कुकर, शिट्टी नसलेला. एक सायकल, सीट नसलेली. एक हार्मोनियम. अण्णांच्या शाळेतला एक अख्खा बाक, ज्याच्यावर शाळेचं नाव अण्णांच्याच अक्षरात होतं. अण्णा बराच वेळ त्या बाकाकडे बघत उभे राहिले.

"बापूंनी निरोप धाडलाय," ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला. "समदं परत केलंय म्हनं. आता पुस्तकात काय लिवायचं ते लिवा. आनी लग्नाला यायचा न्हाय म्हनं."

"अहो, पण हे सगळं आमचं नाही," मी म्हणालो. "ही हार्मोनियम कुणाची?"

"त्यासनी बी ठाऊक न्हाय. परत करायचं म्हनले, मी आनलं."

आई दारात आली. तिनं सामान बघितलं, निरोप ऐकला, आणि त्या शाळेच्या बाकावर बसून डोळ्याला पदर लावला. बापूमामा तिचा एकुलता एक भाऊ. आमच्याकडे नवरीला मांडवात आणायचं ते मामानं. तिच्या मागं उभं राहायचं तेही मामानंच. भटजी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" म्हणणार, आणि कुणीच उठणार नाही, हे चित्र आईला तिथं बाकावर बसल्या बसल्या दिसत होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यात खाली ठसठशीत मामाचं नाव होतं. पत्रिका आणि पुस्तक, दोन्ही आप्पांच्याच छापखान्यातली, त्यामुळे दोन्हीकडे नावाचा ठसा अगदी एकसारखा उठला होता.

सुजाता बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "मामा नसला तर मी खोलीतून बाहेर येणार नाही. दादा, तू मांडवात उभा राहा आणि सगळ्यांना सी शिकव."

ती असं कधी बोलत नसे. मी कुरुंदवाडला जायचं ठरवलं.

"मी येऊ का बरोबर?" अण्णांनी विचारलं.

"कुनी जायाचं न्हाय," आई म्हणाली. "लिवलंय त्येनं, जाईल त्योच."

मी कुरुंदवाडची एसटी धरली. वाटेत जयसिंगपूरला भडंगाचा मोठा पुडा घेतला, कारण मामाला भडंग आवडतो, आणि रिकाम्या हातानं माफी मागायची माझी हिंमत नव्हती. मामा घराच्या पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसला होता. मला बघून त्यानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"या पावणं. कुठनं आलासा?"

"मामा, मी प्रकाश."

"आमी वळखत न्हाय. आमी काय घेतलं तर परत देत न्हाय. वळख तरी कुठली देनार?"

मामी आतून पाणी घेऊन आली. तिनं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'बस' म्हटलं. मी बसलो आणि बसमध्ये पाठ केलेलं भाषण सुरू केलं.

"मामा, व्हॉइड फंक्शन वाईट नसतं. उलट लई काम करतं. मोठ्यातली मोठी कामं तेच करतं. त्याच्यावाचून प्रोग्रॅम चालत नाही."

वर्तमानपत्र थोडं खाली आलं. "व्हय?"

"व्हय तर."

"आनी परत काय देतंय?"

इथं मी अडखळलो. शिक्षकाला काही गोष्टी खोट्या सांगता येत नाहीत. "परत... काही देत नाही."

"मग बरोबरच लिवलंय की त्येनं," मामी म्हणाली. "माज्या माहेरचा कंदील अजून तुमच्या दोस्ताकडं हाय."

वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. मी मामीकडे बघितलं, मामी आत गेली. शेवटी वर्तमानपत्राच्या मागूनच मामा बोलला, पण आता आवाज वेगळा होता.

"परकाश, तू ल्हान व्हतास. पंचगंगेचं पानी तुमच्या दारात आलतं. तवा तुजा बा शाळंत अडकला व्हता. तुमचा समदा संसार डोक्यावर घिऊन वरच्या आळीला कुनी न्हेला?"

"तुम्ही, मामा."

"तू कुनाच्या खांद्यावर व्हतास?"

"तुमच्या."

"ते कुठल्या पानावर हाय?"

ते कुठल्याच पानावर नव्हतं. मी भडंगाचा पुडा मांडीवर घेऊन बसून राहिलो. सबंध पुस्तकात मी कुठली कुठली उदाहरणं दिली होती, हे मला एकेक करून आठवायला लागलं, आणि प्रत्येक आठवताना मान आणखी खाली जात होती.

"मामा, चुकलं माझं. दुसरी आवृत्ती निघाली की तुमचं नाव काढून टाकतो."

"कवा निघंल?"

"ही संपली की."

"मग संपव की."

"मामा, खपत नाही. आप्पांच्या छापखान्यात छतापर्यंत थप्पी आहे."

मामानं वर्तमानपत्राची घडी घातली, खुर्चीखाली ठेवली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मी समदी इकून दिली तर?"

"तुम्ही?"

"का, मी काय काम करत न्हाय? लई काम करतंय म्हनलास की आत्ता."

असा आमचा करार झाला. सगळी पुस्तकं संपली की दुसरी आवृत्ती, दुसऱ्या आवृत्तीत मामाचं नाव नाही, आणि मामा लग्नाला येणार. संपली नाहीत तर येणार नाही. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे माज्या लेकीचं लगीन आता तुज्या पुस्तकाच्या खपावर?" असं मांडल्यावर ते फारच भयंकर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तोच टेम्पो आप्पांच्या छापखान्याशी लागला आणि भरून कुरुंदवाडला गेला. आप्पा रस्त्यावर येऊन टेम्पो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

मामानं पुस्तकं कशी विकली, ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. बाजाराच्या दिवशी तो मिरचीवाल्याच्या शेजारी पोतं अंथरून बसला. दूध संस्थेत सकाळी रांगेत उभ्या असलेल्या माणसांना त्यानं पुस्तक विकलं. तालमीत विकलं. नृसिंहवाडीला दर्शनाला आलेल्या भाविकांना विकलं, ते प्रसाद म्हणून घेऊन गेले. शाळामास्तरांनी घेतली, कारण मामा त्यांच्या घरी जाऊन बसायचा आणि उठायचा नाही. कुणीतरी सुचवलं की बापू, एवढा खटाटोप कशाला, नदीत टाकून दे. मामा भडकला. "सरस्वती हाय ती. इकायची. बुडवायची न्हाय."

विकताना मामाचं एकच सांगणं असायचं. "भाच्यानं लिवलंय. चांगलं हाय. कॉम्प्युटरचं हाय. फकस्त ते व्हॉइडचं पान तेवढं बघू नका."

पुस्तक घेतलेला प्रत्येक माणूस तिथल्या तिथं ते पान काढायचा.

मी एकदा पाहणी करायला गेलो, तेव्हा कुरुंदवाडच्या स्टँडवर माझ्या मागं दोन बायका उभ्या होत्या. एक दुसरीला सांगत होती, "तिला चाळन दिऊ नगंस बाई. लई व्हॉइड हाय ती." दोघींपैकी कुणीही आयुष्यात कॉम्प्युटर बघितला नसावा. मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून वर्गात जी संज्ञा रुजवत होतो, ती मामानं दोन-तीन बाजारांत अख्ख्या गावात रुजवली होती. आणि आपल्याच नावानिशी रुजवली होती. हे त्याच्या लक्षात येत होतं की नाही, मला विचारायचा धीर झाला नाही.

लग्नाचा दिवस आला. मामा आला नव्हता. सुजाता खोलीत शालू नेसून बसली होती. आई दर थोड्या वेळानं कार्यालयाच्या फाटकाशी जाऊन येत होती. अण्णा भटजींना सांगत होते की घड्याळ जरा पुढं आहे. मी कोपऱ्यात उभा होतो आणि कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. आत्यासुद्धा नाही. यावरून परिस्थिती काय होती ते कळावं.

मंगलाष्टकांची वेळ झाली. भटजी खाकरले. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली, आणि मामा उतरला. भरजरी फेटा, नवं धोतर, एका हातात सुजातासाठी साडी, आणि दुसऱ्या काखेत पुस्तकांचा शेवटचा गठ्ठा.

"एवढीच ऱ्हायल्यात," तो मला म्हणाला. "हितंच इकतो. शब्द म्हंजे शब्द."

मी काही बोलायच्या आत आईनं पुढं होऊन त्याच्या काखेतला गठ्ठा काढून माझ्या अंगावर टाकला आणि त्याला दंडाला धरून खोलीकडे नेलं. थोड्या वेळानं मामा सुजाताला घेऊन बाहेर आला. तिचे डोळे लाल होते आणि ती हसत होती. मामा तिच्या मागं उभा राहिला. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्याची मान एकदासुद्धा हलली नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तो पुसत नव्हता, कारण दोन्ही हात सुजाताच्या खांद्यांवर होते.

जेवणाच्या पंगतीत आणखी एक प्रसंग गुदरला. मुलाचे चुलते शिरोळकडचे. त्यांनी मामाकडे निरखून बघितलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तुमी कुरुंदवाडचं बापू न्हवं? त्या पुस्तकातलं व्हॉइड?"

पंगत थांबली. वाढप्याचा जिलबीचा हात हवेत राहिला. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी ताटातलं मीठ खाल्लं.

मामानं पाण्याचा घोट घेतला. "व्हय," तो म्हणाला. "मीच. तुमच्याकडं हाय पुस्तक?"

"माज्याकडं न्हाय. गावात बघितलं."

"मग घ्या की एक. परकाश, पावण्यांना पुस्तक दे."

चुलत्यांनी घेतलं. ते घेतलेलं बघून त्यांच्या शेजारच्यानं घेतलं. पंगत उठली तेव्हा गठ्ठा संपला होता. संध्याकाळी वऱ्हाड निघाल्यावर घरी येऊन मामानं आमची शिडी उचलली, "जरा न्हेतो," म्हणाला, आणि आई "ने, ने" म्हणाली. तिला त्या क्षणी घर मागितलं असतं तरी तिनं दिलं असतं.

मी शब्द पाळला. दुसऱ्या आवृत्तीतून मामाचं नाव काढलं. एकट्या मामाचं काढलं तर बाकीच्यांची भांडणं लागतील म्हणून सगळ्यांचीच काढली. मान-अपमान नसलेली, नातीगोती नसलेली नावं घातली: अ, ब, क आणि क्ष. पुस्तक एकदम विद्वान दिसायला लागलं. पहिली प्रत मामाला दिली. त्यानं व्हॉइडचं पान काढलं, खालीवर वाचलं, "बरं केलंस" म्हणाला, आणि मग जरा थांबून, "क्ष कोन रं?" असं विचारलं. आत्याचा फोन आला की तिनं बायकांच्या भिशीत सगळ्यांना आपलं पान दाखवायचं कबूल केलंय, आता ते कुठं गेलं. थोरले काका भेटायला आले नाहीत, आणि मला नवल वाटेल इतकं चुकल्यासारखं झालं.

आप्पांनी दुसरी आवृत्ती मोठ्या उमेदीनं, पहिलीच्या दुप्पट छापली होती. ती छापखान्यात पुन्हा छतापर्यंत रचली गेली आणि तिथंच राहिली. आमच्या वर्गातला राधानगरीकडचा एक विद्यार्थी एके दिवशी तास संपल्यावर थांबला.

"सर, पहिली आवृत्ती कुठं मिळंल?"

"ती संपली. दुसरी घे. तिच्यात सगळ्या चुका दुरुस्त केल्यात."

"ती घेतली सर. त्यात कायबी कळत न्हाय. मोठ्या भावाकडं पहिली हाय, ती कळती. पन त्यो देत न्हाय."

मी हे आप्पांना सांगितलं. ते थप्पीला टेकून बसले होते. त्यांनी बराच विचार केला.

"सर, मला बी तेच वाटतंय. तिसरी काढू या. समदी मंडळी परत घालू या."

"मामांचं काय? ते खपवून घ्यायचे नाहीत."

"घेत्याल. त्यासनी इचारलंय मी, तयार हायत." आप्पा जरा घुटमळले. "फकस्त लेखक म्हनून तुमच्याऐवजी त्येंचं नाव घालायचं ठरलंय. त्येंच्या नावावर खपतंय."